बायपासनंतरचं दुखणं, रात्रीची धास्ती आणि रिफ्लेक्सॉलॉजी – अनुभव हवेत

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. बाबांची (वय ७१) मागच्या महिन्यात बायपास झाली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, घरी आणलंय, जखमा कोरड्या आहेत, डॉक्टर खूश आहेत. बाबा मात्र खूश नाहीत. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतात तरी कळ येते, आणि दिवस कसाबसा जातो पण दिवेलागण झाली की त्यांच्या पोटात गोळा येतो. डोळा लागतोय न लागतोय तोच दचकून उठतात आणि आईला विचारतात, माझा श्वास चालू आहे ना गं? आयसीयूतल्या मशिनचे आवाज अजून कानात आहेत म्हणतात.

शेजारच्या काकूंनी रिफ्लेक्सॉलॉजी करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिलाय. घरी येऊन तळपायाचे पॉइंट दाबतात, दुखणं आणि टेन्शन दोन्ही कमी होतं म्हणे, गोळ्याही हळूहळू बंद करता येतात म्हणे. दहा सीटिंगचं पॅकेज, पैसे आधी. पैशाचं एवढं नाही, पण बायपाससाठी बाबांच्या डाव्या पायातली शीर काढलीय, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत टाके होते, त्या पायाला कुणी हात लावावा की नाही हेच कळत नाहीये. ऑपरेशननंतर हे कुणी करून बघितलंय का? खरंच उपयोग होतो की नुसतं बरं वाटतं? आणि नुसतं बरं वाटत असेल तरी ते काही वाईट नाही असंही मला वाटतंय. सविस्तर लिहा प्लीज.

सुलभामावशी
मीनल, आधी बाबांना सांग की ही भीती सगळ्यांनाच वाटते. आमच्या ह्यांची बायपास २०११ ची. आज ऐंशीला टेकलेत आणि रोज कमला नेहरू पार्कात फेरी मारतात. तेव्हा रात्री त्यांचंही असंच व्हायचं, दिवा मालवू द्यायचे नाहीत. मी झोपायच्या आधी त्यांच्या पायांना खोबरेल लावून तळवे चोळत बसायची. कुठला पॉइंट कुठे मला काही माहीत नव्हतं गं. पण ते म्हणायचे, तुझा हात पायावर असला की मला कळतं मी घरी आहे, हॉस्पिटलात नाही. चोळता चोळता घोरायला लागायचे. पैसे भरायच्या आधी तू किंवा आई हे करून बघा.

निखिल_वारजे
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. रिफ्लेक्सॉलॉजी हजारो वर्षांची विद्या आहे असं जे सांगतात ते खरं नाही. फिट्झजेराल्ड नावाचे अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, त्यांनी १९१७ च्या सुमारास शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत उभे दहा पट्टे पाडले आणि त्याला झोन थेरपी म्हटलं. मग १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते सगळं पायावर आणलं. अंगठा म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती आणि फुप्फुसं, पावलाची आतली कड म्हणजे मणका, टाच म्हणजे कंबर आणि ओटीपोट, हा जो नकाशा सगळीकडे भिंतीवर लावलेला दिसतो तो तिथून आला. दोन वेगवेगळे तक्ते शेजारी ठेवून बघा, जागा जुळतही नाहीत. आणि तळव्यातल्या ठरावीक ठिपक्यापासून यकृताकडे किंवा हृदयाकडे जाणारी अशी कुठलीही नस शरीरात नाही.

इंग्लंडमधल्या एड्झार्ड अर्न्स्ट या प्राध्यापकांनी २००९ साली १८ चाचण्या एकत्र तपासल्या, कुठल्याही आजारावर हे चालतं असा पटण्यासारखा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियात सरकारने अशा उपचारांचा आढावा घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून १६ प्रकार आरोग्य विम्याच्या सवलतीतून काढून टाकले, रिफ्लेक्सॉलॉजी त्यातलीच एक. गोळ्या बंद करता येतील हे वाक्य ज्या क्षणी कानावर आलं त्या क्षणी तो नंबर डिलीट करायला हवा होता.

हडपसरकर
माझ्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तवा माझा पोरगा तिचे पाय दाबायचा, पाच मिनिटाचे दहा रुपये लावले होते त्याने. आई बी खूश, पोरगा बी खूश. शेवटी शेवटी आजीच त्याला हाक मारायची, ये रे बाबा धंद्याला.

पूर्वा_औंध
मी स्वतः रिफ्लेक्सॉलॉजी करते, औंधला, बरीच वर्षं. निखिल, तुमची नाराजी समजते आणि गोळ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जी व्यक्ती औषध बंद करा म्हणते तिच्याकडे जाऊच नका मीनल. मला शिकवतानाच बाईंनी बजावलं होतं, निदान करायचं नाही, औषधाला हात लावायचा नाही, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला सर्जनच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

काय करतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. माणूस आडवा, पाठीला टेकू, पाय माझ्या मांडीच्या उंचीवर. तेल सहसा नाही, थोडी पावडर, कारण तेलाने अंगठा घसरतो. आधी पाऊल दोन्ही तळहातांत नुसतं धरून ठेवायचं, मग हळूहळू घोटा फिरवायचा, मग अंगठा वाकवत सरळ करत तसूतसूने तळव्यावर पुढे न्यायचा. धास्तीसाठी मी सगळ्यात जास्त वेळ एका जागी थांबते. चवड्याच्या फुगीर भागाच्या खाली, मधोमध, पाऊल दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की जिथे खळगा पडतो ती जागा. आम्ही तिला सोलर प्लेक्सस म्हणतो. श्वास घेताना दाबायचं, सोडताना सैल करायचं. चार-पाच श्वासांत माणसाचे खांदे खाली येतात, कपाळावरची आठी जाते, हे मी रोज बघते.

नकाशा मी मानते. तुम्ही मानू नका, पण समोरच्या माणसाला झोप लागते ही गोष्ट खोटी नाही.

निखिल_वारजे
झोप लागते हे मी नाकारलेलंच नाही. पूर्वाताई, श्वास घेताना दाबा, सोडताना सैल करा, यात तो माणूस दहा मिनिटं सावकाश श्वास घेतोय. त्यानेच शांत वाटेल. मग बिंदूचं नाव कशाला मध्ये?

पूर्वा_औंध
कारण नुसतं सावकाश श्वास घ्या म्हटलं तर घाबरलेल्या माणसाला जमत नाही. पायावर दाब आला की त्याला लय सापडते.

गौरी_एस
मला पूर्वाताईंचं निदान करायचं नाही हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. सासूबाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर कुणीतरी सुचवलं म्हणून पॉइंट दाबणारे एक गृहस्थ घरी बोलावले. ते चांगलं दाबत होते, आई डोळे मिटून पडल्या होत्या. तेवढ्यात तळव्यात एका जागी त्या हुळहुळल्या, तर हे म्हणाले, हा किडनीचा पॉइंट आहे, इथे गडबड दिसतेय. झालं. त्या बाईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. पोटातल्या टाक्यांचं दुखणं राहिलं बाजूला, किडनी गेली म्हणून रडत बसल्या. क्रिएटिनिन केलं, सोनोग्राफी केली, सगळं उत्तम. म्हणजे धास्ती कमी करायला बोलावलं आणि नवी धास्ती दारात ठेवून गेले. तेव्हा कुणाला बोलवायचंच असेल तर आधी दाराबाहेर सांगा, पाय दाबा, अंदाज सांगू नका.

डॉ_अस्मिता
मी भूलतज्ज्ञ आहे, ऑपरेशननंतरचं दुखणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांब लिहिते.

दुखणं आणि भीती एकमेकांना खतपाणी घालतात. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, आणि रात्र आली की आता परत तेच म्हणून छाती धडधडते. हे चक्र कुठूनही तोडलं तरी फायदा होतो. दुखऱ्या जागेवर किंवा तिच्या आसपास हलका, एकसारखा दाब असेल तर मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा निरोप काही अंशी अडवला जातो, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडली, गेट कंट्रोल म्हणतात तिला. त्यात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण आपटलेला गुडघा आपण आपोआप का चोळतो याचं उत्तर अजूनही साधारण तेच आहे. शिवाय ओळखीच्या माणसाचा स्पर्श, मंद श्वास, शांत खोली, यांनी नाडी आणि बीपी थोडं खाली येतं. यातल्या कशालाही तळव्यावरचा नकाशा लागत नाही.

आता अभ्यासांचं. बायपासनंतर, सिझेरियननंतर, पोटाच्या ऑपरेशननंतर रिफ्लेक्सॉलॉजी करून दुखण्याचे आकडे मोजले, असे बरेच छोटे अभ्यास इराण आणि तुर्कस्तानातल्या नर्सिंगच्या लोकांनी केलेत आणि त्यातल्या पुष्कळांत दुखणं आणि अँग्झायटी कमी झालेली दिसते. अडचण ही की पेशंटला आपले पाय दाबले जातायत हे लपवता येत नाही. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, इथे खोटा पाय कुठून आणणार? म्हणून खरी तुलना हवी ती साध्या पाय चोळण्याशी. तशी तुलना नीट केलेला एक मोठा अभ्यास मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा, २०१२ साली छापून आला. ऑपरेशनवर नव्हता, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या ३८५ बायकांवर होता. एका गटाला शिकलेल्या माणसाकडून रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला न शिकलेल्या माणसाकडून नुसतं पाय चोळणं, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीवाल्या गटात धाप कमी झाली, हालचाली सुधारल्या. पण दुखणं, मळमळ, चिंता यात तिन्ही गटांत फरक नव्हता, आणि थकवा कमी झाला तो साधे पाय चोळलेल्या गटात! कुणाला काही अपाय झाला नाही हेही त्यात आहे.

माझं मत विचाराल तर पाय दाबा, जरूर दाबा, गोळ्यांबरोबर दाबा, गोळ्यांऐवजी नको. आणि मीनल, बाबांना जे रात्री होतंय ते बायपासनंतर पुष्कळ जणांना होतं. काहींना विनाकारण रडू येतं, काहींची चिडचिड होते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, जेवण तुटलं, कशातच मन लागेना झालं, तर ते मनावर घेऊ नका असं म्हणून सोडून देऊ नका, कार्डिओलॉजिस्टच्या कानावर घाला. त्याच्यावरही औषध आणि समुपदेशन आहे. कार्डियाक रिहॅबला, म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठी देखरेखीखाली चालणाऱ्या व्यायामाच्या वर्गाला, पाठवतायत का तेही विचारा. चार बायपासवाल्यांबरोबर चालायला लागलं की निम्मी भीती तिथेच उतरते.

अवांतर – मनगटावरच्या एका बिंदूला मात्र त्यामानाने बरा पुरावा आहे. तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (टेंडनच्या) मध्ये. भुलीनंतरच्या मळमळीसाठी. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या होत्या आणि खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ-उलटी कमी दिसली. तो ॲक्युप्रेशरचा बिंदू, रिफ्लेक्सॉलॉजीचा नाही.

निखिल_वारजे
हे जास्त नीट सांगितलंत डॉक्टर. साध्या पाय चोळण्याला माझा विरोध नाहीच, पॅकेजला आहे.

सिस्टर_उज्ज्वला
मी सर्जिकल वॉर्डात आणि हार्टच्या आयसीयूत नोकरी केली, आता रिटायर आहे. मीनल, तुझ्या बाबांच्या पायाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

शीर काढलेल्या पायाला सूज येते, संध्याकाळी जास्त, आणि टाक्यांच्या आजूबाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं, मुंग्या येतात, कारण शिरेच्या शेजारून जाणारी बारीक नस दुखावलेली असते. तिथे त्यांना दाब किती पडतोय ते कळत नाही, म्हणून तो पाय दाबायचा नाही, उशीवर उंच ठेवायचा. उजव्या पायाचं पाऊल घ्या. फक्त पाऊल. पोटरीला हात लावायचा नाही, कुठल्याच पायाच्या. ऑपरेशननंतर काही आठवडे पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि तिथे रगडलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरम लागणं, लाली, असं काही दिसलं की मालिश बंद आणि तडक दवाखाना. एकदम धाप लागली, छातीत नवीन दुखायला लागलं तर १०८. छातीच्या हाडातून कटकट आवाज, जखमेतून पाणी, ताप, हेही अंगावर काढायचं नाही.

जोर लावायचा नाही. बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या असणार, जरा जास्त दाबलं की काळंनिळं होतं. शुगर असेल तर आधी दिव्याखाली तळवा नीट बघा, बोटांच्या बेचक्या बघा, भेग, फोड, कापलेलं काही असेल तर दाबू नका. शुगरवाल्यांना लाकडी काठी, काटेरी रोलर, गरम पाण्याची पिशवी, काही म्हणजे काही वापरायचं नाही.

आणि एक गोष्ट जी कुणाच्या डोक्यात येत नाही. तळव्याला तेल लावलंत तर झोपायच्या आधी कोरड्या पंचाने रगडून पुसा, बोटांच्या मधूनसुद्धा. रात्री माणूस लघवीला उठतो, झोपेत असतो, टाइल्सवर तेलकट पाय पडला की घसरलाच. छातीचं हाड तारेने बांधलेलं असताना पडणं म्हणजे काय ते मी वॉर्डात बघितलंय.

वेळ सांगते. रात्रीची दुखण्याची गोळी द्या, अर्ध्या तासाने तीन बॉलवाल्या स्पायरोमीटरने श्वास ओढायला लावा, उशी धरून खोकायला लावा, कफ मोकळा झाला की आडवं करा आणि मग पाऊल धरा. गोळीचा असर, मोकळा श्वास आणि हात, तिन्ही एका वेळी आलं पाहिजे.

अनिरुद्ध_नारायणपेठ
सिस्टर, हे तुम्ही लिहिलंत ते प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखं आहे. आमच्या काकांना नेमकं उलटं झालं. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून जमलं नाही म्हणून पोट उघडावं लागलं. घरी आल्यावर एका पॉइंटवाल्यांनी सांगितलं पेनकिलरने किडनी जाते, सोडा, मी आहे. काकांनी सोडल्या. पॉइंट दाबल्यावर तासभर बरं वाटायचं, पण बरगडीखाली एवढं दुखायचं की ते खोल श्वासच घेईनात, खोकणं तर दूरच. कफ साठला, ताप आला, न्यूमोनिया होऊन परत ॲडमिट. काकू अजून ते आठवलं की चिडतात. कुठली गोळी किती दिवस ते ऑपरेशन करणाऱ्याला विचारायचं, दुसऱ्या कुणाला नाही.

वारीवेडा
थोडं अवांतर, पण पायांवर चाललंय म्हणून राहवत नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांत वारकऱ्यांचे पाय चेपायची सेवा असते. आमचा ग्रुप दरवर्षी जातो. परातीत कोमट पाणी, मीठ, मग तेल. मागे एक आजी आल्या होत्या परभणीकडच्या. टाचांच्या भेगांत चिखल वाळून घट्ट बसलेला, करंगळीला चपलेचा पट्टा घासून साल गेलेलं. पाय पुढे करायलाच तयार नव्हत्या, म्हणे तुम्ही लेकरं, माझ्या पायाला कशाला हात लावता. कशाबशा बसल्या. मी भेगा सोडून नुसता चवडा आणि टाचेच्या वरचा भाग चोळत होतो, तर बोलता बोलता मान खाली गेली, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या. हातात टाळ तसाच. त्यांना कुणी पॉइंट विचारला नाही आणि मलाही येत नव्हता. पाऊल हातात घेतलं की माणूस सैल होतो हे मी एवढ्या पायांवर बघितलंय की मला त्यात शंका उरलेली नाही.

सुलभामावशी
वारीवेडा, डोळ्यात पाणी आलं रे वाचून.

केतकी_सदाशिवपेठी
काशाच्या वाटीचं कुणीच कसं नाही बोललं? आमच्याकडे तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासायचे हे लहानपणापासून बघतेय. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करावा असं आहे. आई म्हणते वाटी काळी पडते म्हणजे अंगातली उष्णता निघते. बायपासवाल्यांना चालेल का पण?

रसायन_बिबवेवाडी
काळा रंग उष्णतेचा नव्हे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, घासताना त्याचा सूक्ष्म अंश तेलात आणि घामात मिसळतो आणि काळपट दिसतो. हे मी आईलाही सांगतो आणि तरी रविवारी रात्री तिच्याकडून घासून घेतो, कारण थंडगार वाटतं आणि झोप छान लागते. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

सिस्टर_उज्ज्वला
केतकी, चालेल की नाही ते त्यांच्या सर्जनना विचार. माझ्या मते अजून काही आठवडे नको. वाटीला दाब किती पडला ते हाताला कळत नाही, बोटांना कळतं. आधी हात.

मीनल_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक उत्तर आईला वाचून दाखवलं. फॉलोअपला सर्जनना विचारलं, त्यांनी उजव्या पावलाला हरकत नाही, पोटरी नको, डाव्या पायाला अजून थांबा, असंच सांगितलं, सिस्टर अगदी तुमचेच शब्द. त्या बाईंना नको कळवलं. दुखण्याच्या गोळ्यांची वेळ थोडी बदलून दिली, रात्रीची झोपायच्या आधी अर्धा तास.

आई आता रोज रात्री उजवं पाऊल हातात घेऊन बसते. पूर्वाताई, तुमचं श्वासाबरोबर दाबायचं आणि सोडायचं तेवढं आम्ही घेतलं, आणि निखिल, बिंदूचं नाव आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही 🙂 बाबा पहिल्यांदा अवघडले, बायकोकडून पाय दाबून घेणं त्यांना पटेना, म्हणून आधी मी बसले. छातीतली कळ खोकताना अजून येते, ती काही गेलेली नाही. पण दचकून उठणं कमी झालंय, आणि उठले तरी परत झोपतात. याचं श्रेय गोळीच्या वेळेला द्यायचं की पायाला हे मला सांगता येणार नाही आणि मला ते वेगळं करायचंही नाहीये. रिहॅबचं नावही घातलंय.

प्रसाद_धायरी
धागा उशिरा बघितला. माझ्या आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. फिजिओ चालू आहे. ओळखीचे एक ॲक्युप्रेशरवाले उद्या येणार आहेत, पाय जड झालाय म्हणते म्हणून. ऑपरेशनच्या पायाची पोटरी कालपासून जरा जास्त सुजलीय, दुखतेही, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सूज असतेच ना? त्यांना पोटरी सोडून फक्त तळवा दाबायला सांगितलं तर चालेल का?

सिस्टर_उज्ज्वला
प्रसाद, कालपासून वाढलीय ना? मग उद्याची वाट बघू नकोस. आजच दाखव. दोन्ही पोटऱ्या टेपने मोज, गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर, आणि आकडा डॉक्टरांना सांग. दाबू नका, शेकू नका. धाप लागतेय का विचार.

डॉ_अस्मिता
+१. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थोडी सूज असतेच, पण ती हळूहळू उतरायला हवी. उतरत आलेली सूज एकदम वाढली आणि पोटरी दुखायला लागली तर गुठळी नाही ना हे आधी बघायचं. रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे की कोर्स संपला तेही सोबत सांगा. पायाचा डॉपलर करतील, सोनोग्राफीसारखाच असतो, दुखत नाही. ॲक्युप्रेशरवाल्यांना आत्ताच फोन करून नको सांगा.

प्रसाद_धायरी
काल संध्याकाळीच घेऊन गेलो. पोटरीत साडेतीन सेंटीमीटरचा फरक निघाला. डॉपलरमध्ये खालच्या शिरेत छोटी गुठळी आहे. औषधाचा कोर्स आधीच्या आठवड्यात संपला होता, आता परत सुरू केलंय, तीन महिने घ्यायचंय. ॲडमिट करावं लागलं नाही. धाप वगैरे काही नाही, ऑक्सिजन नीट आहे. सिस्टर, डॉक्टर, काय बोलू, तुम्ही दोघींनी ताबडतोब उत्तर दिलं नसतं तर आज सकाळी ते गृहस्थ आईच्या पायापाशी बसलेले असते. आई घाबरलीय, आता तिला रात्री काय करू? पायाला तर हात लावायचा नाही.

सुलभामावशी
हाताचा पंजा घे रे तिचा. तळहात, बोटं, अंगठ्याखालचा मांसल भाग, सावकाश. गप्पा मारत.

डॉ_अस्मिता
हो, हात चालतील, सलाइनची सुई जिथे होती ती जागा सोडून. आणि औषधाची एकही वेळ चुकवू नका, मोबाईलला गजर लावा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवीत लाली दिसली तर कळवायचं.

प्रसाद_धायरी
गजर लावला. सकाळी आठ, रात्री आठ.